स्वर आणि लय: पेगी ग्लॅनव्हिल-हिक्सचा प्रवास

वेताळाने विक्रमाला घातलेल्या कोड्यांपैकी एक बहुतेक मराठी घरांत लहानपणीच कानावर पडलेलं असतं. देवीच्या देवळात दोघा पुरुषांनी आपापली डोकी उतरवली. देवी प्रसन्न झाली आणि त्यांतल्या एकाच्या बायकोला म्हणाली, धडांना डोकी लाव, दोघेही उठून बसतील. बाईने घाईत डोक्यांची अदलाबदल केली. आता तिचा नवरा कोणता? १९५४च्या एप्रिलमध्ये हीच गोष्ट अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुईव्हिल शहरात ऑपेरा म्हणून रंगमंचावर आली. ‘द ट्रान्सपोज्ड हेड्स’ असं तिचं नाव. संगीत आणि संहिता दोन्ही एकाच व्यक्तीची होती, ४१ वर्षांच्या पेगी ग्लॅनव्हिल-हिक्सची. जन्म ऑस्ट्रेलियात, शिक्षण लंडन, व्हिएन्ना आणि पॅरिसला, नागरिकत्व अमेरिकेचं, आणि पुढच्या काही वर्षांत तिचं बिऱ्हाड अथेन्सला जाणार होतं.

पाश्चात्त्य अभिजात संगीताचे इतिहास देशवार लिहिले जातात. जर्मन संगीत, फ्रेंच संगीत, अमेरिकन संगीत अशी प्रकरणं असतात आणि ज्याचा त्याचा माणूस ज्या त्या प्रकरणात जातो. पेगी कोणत्याच प्रकरणात धड बसली नाही. ऑस्ट्रेलियाला ती निघून गेलेली वाटली, इंग्लंडला पाहुणी, अमेरिकेला बाहेरून आलेली. तिचं संगीत मागे पडण्याची आणखीही कारणं आहेत, त्यांच्याकडे मी पुढे येईन. पण भारतीय संगीत ऐकत वाढलेल्या वाचकाने तिची ओळख करून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं. हार्मनी हा युरोपीय संगीताचा तीनेक शतकांचा कणा. त्या परंपरेच्या ऐन मध्यावर शिकून ती बाई म्हणाली की हा कणा बाजूला ठेवू, स्वरांची ओळ आणि लय या दोनच गोष्टींवर संगीत उभं करून पाहू. आपल्या दृष्टीने ही काही नवलाची गोष्ट नाही. तिच्या जगात मात्र हे बंड होतं.

तिचा जन्म २९ डिसेंबर १९१२चा, मेलबर्नच्या सेंट किल्डा भागातला. तिथल्या कॉन्झर्व्हेटरीत तिला फ्रिट्झ हार्ट शिक्षक म्हणून लाभला. हा मूळचा इंग्रज, स्वतः ऑपेरा लिहिण्याने झपाटलेला. वीसहून अधिक ऑपेरा त्याने लिहिले. विद्यार्थ्यांना ऑपेराची गोडी लागली नसती तरच नवल. पण त्या काळच्या मेलबर्नमध्ये नवं संगीत लिहिणाऱ्याला ऑर्केस्ट्रा, प्रकाशक, जाणकार श्रोते यांतलं फारसं काही हाताशी नव्हतं. त्याच शहरातली मार्गारेट सदरलंड तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी होती. ती विशीत युरोपला जाऊन परत आली आणि नंतरचं बहुतेक आयुष्य मेलबर्नमध्येच राहून लिहीत राहिली. तिच्या मोठ्या रचना वाजायला फार उशीर झाला. पेगीने १९३२मध्ये लंडनची बोट धरली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये ती वॉन विल्यम्सकडे रचना शिकली, आर्थर बेंजामिनकडे पियानो. वॉन विल्यम्स त्या वेळी इंग्लंडचा सर्वांत मोठा संगीतकार, खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीतं टिपणारा. त्याच्याबद्दल पेगी आयुष्यभर एक दावा करत राहिली: त्याच्या चौथ्या सिम्फनीची सुरुवात माझ्या एका रचनेतून उचललेली आहे. त्या सिम्फनीचं काम ती लंडनला पोहोचण्याआधीच, १९३१मध्ये सुरू झालेलं होतं, त्यामुळे हा दावा मला पटत नाही. पण तो कधी सोडायचा नाही ही जिद्द तिच्या स्वभावात होती, आणि ती नसती तर पुढचं आयुष्य तिला झेपलंच नसतं. १९३६मध्ये प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली. त्यावर ती आधी व्हिएन्नात एगॉन वेलेशकडे आणि मग पॅरिसला नाद्या बुलांजेकडे गेली.

हे दोन गुरू एकमेकांपासून दोन टोकांवर होते. वेलेश हा शोएनबर्गच्या पठडीतला. शोएनबर्गने बारा स्वरांची पद्धत काढली होती. सप्तकातले बाराही स्वर सारख्या मानाचे, एकाही स्वराने घरधनी व्हायचं नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या संगीताला षड्जच नाही, त्यामुळे घरी परतल्याचं समाधानही नाही. बुलांजे मात्र स्वच्छ, आटोपशीर, जुन्या आकृतिबंधांचा आधार घेणाऱ्या लेखनाची पुरस्कर्ती, स्त्राविन्स्कीची चाहती. पेगीने दोघांकडून कसब घेतलं. पुढे मात्र तिने दोन्ही वाटा नाकारल्या. बारा स्वरांच्या पद्धतीला ती बंद गल्ली मानत असे, आणि जुन्या आकृतिबंधांची नवी आवृत्ती काढत बसणं हेही तिला पुरेसं वाटेना.

त्या काळात तिच्या वाट्याला एक मान आला. १९३८मध्ये नव्या संगीताच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा महोत्सव लंडनला झाला. त्यात तिच्या ‘कोरल स्वीट’मधला भाग सादर झाला, आणि या महोत्सवात ऑस्ट्रेलियन संगीतकाराची रचना वाजण्याची ती पहिलीच वेळ होती. तिच्या सुरुवातीच्या रचना छापणारी लुईझ डायर हीसुद्धा मेलबर्नचीच. पॅरिसला येऊन तिने ‘लोइझो-लीर’ ही प्रकाशनसंस्था काढली होती. परदेशात आपल्या गावचं माणूस भेटलं तर त्याचा केवढा आधार होतो, हे घर सोडून राहिलेल्यांना सांगायला नको.

त्याच वर्षी तिने स्टॅन्ली बेट या इंग्रज संगीतकाराशी लग्न केलं. तो हुशार होता, पण संसार सुखाचा झाला नाही. १९४९मध्ये घटस्फोट झाला. त्याआधी, युद्धाच्या धामधुमीत, १९४१मध्ये दोघं अमेरिकेत पोहोचली होती. न्यू यॉर्कमध्ये पेगी रुळली. चाळिशीचं दशक संपता संपता तिने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं.

न्यू यॉर्कमध्ये तिने पोट भरलं ते संगीतसमीक्षेवर. ‘न्यू यॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’ या दैनिकाचा संगीतविभाग व्हर्जिल थॉमसनकडे होता. तो स्वतः संगीतकार. समीक्षा करायची तर ती लिहिणाऱ्याला स्वरलेखन येत असलं पाहिजे, या विचाराने त्याने तरुण संगीतकारच हाताशी घेतले. पॉल बोल्झ, लू हॅरिसन, आर्थर बर्गर हे सगळे त्या पानावर लिहून गेलेले. १९४८ ते १९५५ पेगीने हे काम केलं. रात्रीची मैफल संपली की घड्याळाकडे बघत मजकूर द्यायचा, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा दुसऱ्या सभागृहात हजर व्हायचं. छापून येताना नाव बहुतेक वेळा पी. ग्लॅनव्हिल-हिक्स असं असायचं, रचनांवरही तसंच. बाई संगीतकार ही वेगळी जात तिला मान्य नव्हती, आणि वाचकाने संगीत ऐकण्याआधी लिंग बघावं हे तर मुळीच नाही.

या कामाचे दोन परिणाम झाले. एक, शेकडो नव्या रचना तिच्या कानांवरून गेल्या आणि स्वतःला काय नको हे तिला लख्ख कळलं. दोन, ती इतरांच्या कामात वाहून गेली. नव्या संगीताच्या मैफली भरवणं, त्यांसाठी पैसा उभा करणं, ग्रोव्हच्या प्रसिद्ध संगीतकोशाच्या पाचव्या आवृत्तीसाठी अमेरिकन संगीतकारांवर नोंदी लिहिणं, असं सारं ती करत होती. कोशात दुसऱ्यांना जागा मिळवून देणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या रचनेला वर्षातले उरलेसुरले आठवडे मिळत. मला तिच्या आयुष्यातला हा भाग सर्वांत जास्त खुपतो, कारण ही कामं तिने सक्तीने केली नाहीत, आवडीने केली. त्यांची किंमत तिला पुष्कळ उशिरा कळली असावी.

आता तिच्या मूळ कल्पनेकडे येऊ.

युरोपीय संगीतात एका वेळी अनेक स्वर एकावर एक रचून वाजवतात. या रचलेल्या स्वरांची चाल, म्हणजे एक स्वरगुच्छ ताण निर्माण करतो आणि पुढचा तो सोडवतो, हीच तिथली मुख्य गोष्ट. श्रोत्याला पुढे ओढून नेते ती हार्मनी. सुरावट तिच्या आधाराने चालते, आणि ताल बहुतेक वेळा मोजमापापुरता असतो. ऑर्केस्ट्रातले ड्रम, झांजा, घंटा मोक्याच्या जागी ठळक खूण करतात आणि बाकी वेळ गप्प बसतात. आपल्याकडे याच्या उलट. तानपुऱ्यावर षड्ज-पंचम अखंड चालू असतात, त्यावर एकच सुरावट उलगडत जाते, आणि तबला ही नुसती साथ नसून बंदिशीचा अर्धा देह असतो. गायकाने कितीही लांब उडी मारली तरी त्याला समेवर यावंच लागतं, आणि सगळी उत्कंठा तिथे साठलेली असते.

पेगीने ही दुसरी रीत युरोपीय वाद्यांवर आणून बघायची ठरवली. तिचं म्हणणं थोडक्यात असं: हार्मनीने आता करायचं ते सगळं करून संपवलं आहे. ती इतकी गुंतागुंतीची झाली की अखेर बारा स्वरांच्या पद्धतीत तिने स्वतःचाच पाया खणून काढला. म्हणून तिला बाजूला सारावं, सुरावटीला पूर्ण मोकळीक द्यावी, आणि तालवाद्यांचा ताफा वाढवून त्यांच्यावर रचनेचा भार टाकावा. या दिशेने जाताना ती प्राचीन आणि पूर्वेकडच्या संगीताकडे वळली, त्यातही भारतीय संगीताकडे. तिच्या आसपास असा विचार करणारे आणखी काही जण होतेच. कॉलिन मॅकफी बालीत राहून तिथला गॅमलान शिकून आला होता. हेन्री कॉवेल, लू हॅरिसन, ॲलन होव्हानेस हे आशियाकडे कान लावून बसले होते. पण पेगी ऑपेरा लिहिणारी होती, आणि माझ्या मते तिचं वेगळेपण इथेच आहे. वाद्यसंगीतात हार्मनी कमी करणं त्या मानाने सोपं. मोठ्या रंगमंचावर तास-दीड तासाचं नाट्य तिच्याशिवाय पेलून दाखवणं फार अवघड.

पन्नाशीच्या दशकाच्या पहिल्या काही वर्षांत तिच्या हातून एकामागून एक चांगल्या गोष्टी झाल्या. स्पॅनिश हार्पवादक निकानोर साबालेतासाठी तिने हार्प सोनाटा लिहिला. नाजूक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाद्याचा त्यात ठसकेबाज, लयदार उपयोग आहे. १९५१चा पियानो आणि तालवाद्यांचा सोनाटा तर तिच्या सिद्धांताचा सरळ पुरावाच. त्यात पियानोसुद्धा ठोक्याचं वाद्य म्हणून वागतो. पॉल बोल्झ हा तिचा जिवलग मित्र मोरोक्कोत टँजिअरला जाऊन राहिला होता. त्याने तिला लिहिलेल्या पत्रांतले उतारे घेऊन तिने टेनर आवाज आणि छोट्या ऑर्केस्ट्रासाठी ‘लेटर्स फ्रॉम मोरोक्को’ ही रचना केली. १९५३मध्ये न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लिओपोल्ड स्टोकोव्स्कीने ती प्रथम सादर केली. मित्राच्या साध्या गद्य पत्राला चाल लावणं ही कल्पनाच सुंदर आहे. त्यात यमक नाही, छंद नाही, तरी ते गाणं होतं, कारण भाषेची आपली लय तिने मोडू दिलेली नाही.

याच सुमारास लुईव्हिलकडून विचारणा आली. तिथल्या ऑर्केस्ट्राला नव्या रचना लिहून घेण्यासाठी आणि त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढण्यासाठी रॉकफेलर फाउंडेशनने १९५३मध्ये ४ लाख डॉलर दिले होते. एका मध्यम आकाराच्या शहराच्या ऑर्केस्ट्राला एवढी रक्कम, तीही जिवंत संगीतकारांच्या नव्या कामासाठी! त्या योजनेतून पेगीला ऑपेराची मागणी आली आणि तिने जर्मन लेखक टॉमस मानची कादंबरिका निवडली.

मानची ‘डी फरटाउश्टन क्योप्फं’ १९४०ची. भारतविद्येचा अभ्यासक हाइनरिश त्सिमर याच्यामुळे ही कथा त्याच्यापर्यंत पोहोचली. कथासरित्सागरात ती एका परटाची गोष्ट आहे. नवरा धवल, बायको मदनसुंदरी, आणि दुसरा पुरुष म्हणजे तिचा भाऊ. डोक्यांच्या अदलाबदलीचा घोटाळा तिथे नवरा आणि भाऊ यांच्यात होतो, आणि म्हणून तो भलताच अस्वस्थ करणारा आहे. मानने भावाच्या जागी मित्र आणला आणि कोड्याचं प्रेमत्रिकोणात रूपांतर केलं. श्रीदामन बुद्धिमान, नाजूक अंगाचा; नंद कष्टाने कमावलेल्या शरीराचा, साधा; आणि सीता, जिला एकाचं डोकं हवं आणि दुसऱ्याचं धड. राजा विक्रमाचं उत्तर ठरलेलं आहे: शरीरात मस्तक श्रेष्ठ, म्हणून ज्याच्या धडावर नवऱ्याचं डोकं तोच नवरा. मान तिथे थांबत नाही. त्याच्या गोष्टीत डोकं हळूहळू नव्या धडाला आपल्यासारखं करून टाकतं, आणि सीतेला जे मिळालं असं वाटलं होतं ते हातातून निसटतं. हेच बीज पुढे गिरीश कर्नाडांनी ‘हयवदन’मध्ये फुलवलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी त्याचा मराठी अनुवाद केला आणि विजया मेहतांनी तो रंगभूमीवर आणला. म्हणजे मराठी प्रेक्षकाला ही गोष्ट मानच्या वाटेने एकदा भेटून गेलेली आहे. पेगीचा ऑपेरा ‘हयवदन’च्या दीडेक दशक आधीचा.

मानच्या कादंबरिकेच्या इंग्रजी अनुवादावरून तिने स्वतःच संहिता बेतली आणि ऑपेरा सहा प्रवेशांत बसवला. त्यातल्या बऱ्याच सुरावटी तिने भारतीय लोकधुनांवरून मोकळेपणाने घेतल्या. तारखेकडे लक्ष द्या. अली अकबर खाँ न्यू यॉर्कमध्ये प्रथम वाजवणार होते १९५५मध्ये, येहुदी मेन्युहिनच्या पुढाकाराने. रविशंकरांचा अमेरिकेतला पहिला दौरा त्यानंतर, १९५६चा. सतारीची फॅशन तर त्याहूनही दहा वर्षं दूर होती. भारतीय संगीत अमेरिकन श्रोत्यांच्या कानावर येण्याआधीच ही बाई ते मनात धरून ऑपेरा लिहीत होती.

आता माझं मत. या ऑपेरात राग ऐकू येतो असं म्हणणं धाडसाचं होईल. राग म्हणजे नुसती स्वरांची यादी नसते. त्यात बढत असते, एकेका स्वराभोवती घुटमळणं असतं, वाट पाहायला लावणं असतं. ते इथे नाही, आणि लिहून ठेवलेल्या, ठरलेल्या वेळात संपणाऱ्या रचनेत ते येणारही नाही. इथे ऐकू येते ती धून. ठसठशीत, पुन्हापुन्हा येणारी, खाली एखादा आकृतिबंध सतत फिरत असलेली. पण एक गोष्ट तिने अचूक पकडली. ऑर्केस्ट्राची जाड गादी काढून घेतल्यामुळे गाणाऱ्याचा शब्द न् शब्द कळतो. पाश्चात्त्य ऑपेरावरची सर्वांत जुनी तक्रार ही की शब्द समजत नाहीत. आपल्या संगीत नाटकातही शब्द मोठा की गायकी मोठी हा वाद पिढ्यान्‌पिढ्या चालला, आणि एकाच पदाला वन्समोअरवर वन्समोअर पडत असताना नाटक कुठे पोहोचलं होतं याचा विसर पडे. पेगीने निकाल शब्दाच्या बाजूने दिला. माझ्या मते तो रंगभूमीच्या हिताचा निकाल आहे.

१९५८च्या सुरुवातीला हा ऑपेरा न्यू यॉर्कमध्येही झाला. दरम्यान तिला गुगेनहाइम फेलोशिप मिळाली होती, वर्तमानपत्राचं काम सुटलं होतं. पियानो आणि छोट्या ऑर्केस्ट्राचा ‘एट्रुस्कन कॉन्चेर्टो’ १९५४चा. डी. एच. लॉरेन्सने इटलीतल्या प्राचीन एट्रुस्कन थडग्यांवर जे पुस्तक लिहिलं, त्याचा धागा त्यामागे आहे. इतिहासातून नाहीशा झालेल्या, पण थडग्यांच्या भिंतींवर नाचताना आणि बासरी वाजवताना चितारलेल्या माणसांचं हे संगीत. ते शोकाचं नाही, नाचरं आहे.

मग तिने चांगला जम बसलेलं न्यू यॉर्क सोडलं आणि ग्रीस गाठलं. तिथलं लोकसंगीत तिला हवं होतं. ग्रीक लोकनृत्यांत कलामाटियानोस नावाचा प्रकार आहे. सात मात्रांचा, तीन-दोन-दोन अशी विभागणी असलेला. आपला रूपक ताल अगदी तसाच. विषम मात्रांच्या या लयी पश्चिम युरोपच्या अभिजात संगीतातून जवळजवळ हद्दपार झाल्या होत्या. लयीवर घर बांधायला निघालेल्या संगीतकाराला इथे आपली माणसं भेटल्यासारखं वाटलं असल्यास आश्चर्य नाही.

ग्रीसमधलं तिचं मोठं काम म्हणजे ‘नॉसिका’. कवी रॉबर्ट ग्रेव्हजच्या ‘होमर्स डॉटर’ या कादंबरीवर ते आधारलेलं आहे. ओडिसी हे महाकाव्य होमरने नाही, तर नॉसिका नावाच्या एका राजकन्येने रचलं, अशी ग्रेव्हजची कल्पना. मूळ तर्क एकोणिसाव्या शतकातल्या सॅम्युअल बटलरचा. नॉसिका चारणाला सांगते की ओडिसीतल्या पेनेलोपीची कथा मी सांगते तशीच गायची. विद्वानांनी हा तर्क स्वीकारलेला नाही. पण ऑपेरासाठी याहून चांगलं कथानक शोधून सापडणार नाही: महाकाव्याची कर्ती एक स्त्री, आणि तिचं नाव पुसलं गेलेलं. १९ ऑगस्ट १९६१ रोजी अथेन्स महोत्सवात, ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी असलेल्या हेरोडेस ॲटिकसच्या खुल्या नाट्यगृहात हा ऑपेरा झाला. हे दगडी नाट्यगृह दुसऱ्या शतकातलं. नॉसिकाची भूमिका टेरेसा स्ट्राटास या तरुण कॅनेडियन गायिकेने केली. ती मूळची ग्रीक कुटुंबातली, आणि पुढे जगभर गाजली.

त्यानंतर सगळं काही जुळून यायला हवं होतं. सॅन फ्रान्सिस्को ऑपेरासाठी फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने तिने १९६३मध्ये ‘सॅफो’ हा ऑपेरा पूर्ण केला. संहिता लॉरेन्स ड्युरेलच्या नाटकावरून घेतलेली. नायिका म्हणून तिच्या डोळ्यांसमोर मारिया कॅलस होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या संचालकाने तो नाकारला. कॅलसने तो कधी गायला नाही. पेगीच्या हयातीत तो कुठेच झाला नाही. तीन अंकांचा, तिच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाकांक्षी ऑपेरा कागदावरच राहिला. ध्वनिमुद्रण झालं २०१२मध्ये, तिच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. जेनिफर काँडन या तरुण ऑस्ट्रेलियन संचालिकेने ते मनावर घेतलं आणि लिस्बनच्या गुलबेंकियन ऑर्केस्ट्राबरोबर पुरं केलं.

‘सॅफो’नंतर काही वर्षांतच पेगीची दृष्टी जाऊ लागली. मेंदूत गाठ निघाली. न्यू यॉर्कमध्ये शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, दृष्टीही परतली. नवी रचना मात्र जवळजवळ थांबली. त्यानंतर ती वीस वर्षांहून जास्त जगली. लिहिणाऱ्याच्या आयुष्यात वीस वर्षं म्हणजे केवढा काळ, हे मनात आलं की वाईट वाटतं.

तिचं नाव मागे का पडलं, याचं उत्तर फक्त ती बाई होती एवढं देऊन भागत नाही. ते कारण होतंच. पण पन्नाशी-साठीच्या दशकांत अमेरिकन विद्यापीठांत बारा स्वरांच्या पद्धतीचा दबदबा होता. गुणगुणता येईल अशी सुरावट लिहिणारा माणूस तिथे मागासलेला ठरत असे. नवं संगीत पुढे जातं ते विद्यापीठांतून, शिष्यांमार्फत. पेगी कुठल्या विद्यापीठात ठाण मांडून बसली नाही, त्यामुळे तिची बाजू मांडणारी शिष्यांची फळीही नव्हती. मैफली भरवणारी, मदत मिळवून देणारी बाई म्हणून जे तिला ओळखत, ते ती अथेन्सला गेल्यावर दुसरीकडे वळले. देश बदलणाऱ्याला दर वेळी आपली पत शून्यातून उभी करावी लागते. तिने ते चार देशांत केलं. पुढे लोक मिनिमलिझमच्या नावाखाली ठरावीक लयीवर, स्थिर स्वरावर फिरणारं संगीत डोक्यावर घेऊ लागले. फिलिप ग्लासने रविशंकरांबरोबर काम करून लयीचा धडा घेतला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या आधी एका बाईने याच दिशेने पावलं टाकली होती, हे फार कमी जणांना माहीत आहे.

सत्तरीच्या दशकाच्या मध्यावर ती ऑस्ट्रेलियाला कायमची परतली आणि सिडनीत राहिली. तिथे नव्याने सुरू झालेल्या ऑस्ट्रेलियन म्युझिक सेंटरमध्ये आशियाई संगीताच्या अभ्यासासाठी तिने काम केलं. ऑस्ट्रेलियाने युरोपकडे डोळे लावून बसण्यापेक्षा शेजारच्या आशियाकडे पाहावं, हे तिचं जुनं म्हणणं होतं. १९८७मध्ये सिडनी विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. २५ जून १९९० रोजी ती गेली. पॅडिंग्टनमधलं आपलं घर तिने संगीतकारांच्या निवासासाठी ठेवून दिलं. संगीतकाराने तिथे राहावं, घरभाड्याची चिंता न करता लिहावं, एवढीच अपेक्षा. सात-आठ वर्षं दुसऱ्यांच्या मैफलींवर मजकूर लिहून घरभाडं भरणाऱ्या बाईने दुसऱ्या संगीतकारांना काय द्यावं, याचा याहून नेमका विचार कोणी केला असता असं मला वाटत नाही.

ऐकायला सुरुवात ‘एट्रुस्कन कॉन्चेर्टो’पासून करा. जॅझचा नामवंत पियानोवादक कीथ जॅरेटने तो ध्वनिमुद्रित केलेला आहे आणि पंधरा-सोळा मिनिटांत संपतो. तबल्याच्या संगतीत वाढलेल्या कानाला त्याची लय परकी वाटणार नाही. मग हार्प सोनाटा, मग ‘ट्रान्सपोज्ड हेड्स’, आणि त्यात आपल्या धुना ओळखू येतात का ते स्वतः तपासा. ‘सॅफो’ शेवटी ठेवा, पण टाळू नका, आणि तुकड्यातुकड्यांनी न ऐकता एका बैठकीत ऐका. पेगीची ती सर्वांत मोठी रचना आहे, आणि माझ्या मते सर्वांत चांगलीही.